कक्षा आणि उंची



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविण्यात येते त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात गणिताच्या सौंदर्याविषयी, त्याच्या उपयुक्ततेविषयी आणि राष्ट्रोन्नतीतील त्याच्या स्थानाविषयी पाऊण तास बोलावे आणि प्रत्यक्ष गणिताला मात्र सभागृहात पाऊल ठेवू देऊ नये, हे मला प्रशस्त वाटत नाही. आज मी आपल्यापुढे खरोखरीचे गणित मांडणार आहे. फळा मागविलेला नाही. जी आकडेमोड होईल ती तोंडी होईल, आणि निदान पूर्वार्धात तरी ती अपूर्णांकांच्या बेरीज-गुणाकारांपलीकडे जाणार नाही.

एक नियम सांगतो. एखादी संख्या घ्यावी, तिने दोनला भागावे, आलेला भागाकार मूळ संख्येत मिळवावा आणि बेरजेचे अर्ध करावे. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हाच नियम चालवावा, त्याच्या उत्तरावर पुन्हा, आणि असे अखंड करीत राहावे. एकापासून आरंभ केला तर पहिले उत्तर ३/२ येते, दुसरे १७/१२, तिसरे ५७७/४०८, चौथे ६६५८५७/४७०८३२. या मालिकेला त्या आरंभबिंदूची कक्षा म्हणतात. आणि ज्या नियमात केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार एवढ्याच क्रिया येतात त्याला परिमेय फलन म्हणतात. आजचा विषय इतकाच आहे: परिमेय फलनाच्या कक्षेत संख्या किती वेगाने वाढतात?

‘वाढतात’ हा शब्द ऐकून आपल्यापैकी कोणी चटकन हरकत घेईल, आणि ती हरकत योग्य आहे. या संख्या कोठे वाढतात? ३/२ म्हणजे दीड. १७/१२ त्याहून किंचित कमी. ५७७/४०८ तर दोनाच्या वर्गमूळाला इतकी चिकटलेली की पाचव्या दशांशस्थळापर्यंत फरक दिसत नाही. संख्यारेषेवर उभे राहून पाहणाऱ्याला ही कक्षा जागच्या जागी थिजलेली दिसेल. परंतु त्याच संख्यांची नोंद ज्या कारकुनाला दफ्तरात करावी लागते त्याला विचारा. पाचव्या पायरीवर अंशात बारा अंक, सहाव्या पायरीवर पंचवीस, दहाव्या पायरीवर ३९२. आणि विसाव्या पायरीवरील एका अपूर्णांकाचा अंश लिहायला चार लाखांहून अधिक अंक लागतील. संख्या हलली नाही; तिचे नाव मात्र दर पायरीला दुपटीने लांबले.

या नावाच्या लांबीचे माप म्हणजे उंची. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणावा, त्याचा अंश आणि छेद यांपैकी चिन्ह सोडून जो मोठा असेल ती त्याची उंची. १ ची उंची १. ३/२ ची ३. आणि १०००००१/१०००००० ही संख्या एकाच्या अगदी शेजारी राहणारी असली तरी तिची उंची दहा लाखांवर. व्याख्या इतकी साधी आहे की तिच्यात काही मोल असेल अशी शंकाही येऊ नये. मोल आहे ते एका गोष्टीत: दिलेल्या हद्दीच्या आत उंची असणाऱ्या परिमेय संख्या मोजक्याच असतात. संख्यारेषेच्या कितीही लहान तुकड्यात परिमेय संख्या अनंत. पण शंभरापर्यंत उंची असणाऱ्या सगळ्या रेषेवर मिळून बारा हजारांहून थोड्या अधिक. अनंत पसाऱ्याला सान्त हिशेबात बसविण्याची ही एकच युक्ती, आणि पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. ५७७/४०८ हा अपूर्णांक या सभागृहातील संस्कृतज्ञांना परका नाही. चौरसाच्या कर्णाचे माप काढताना बौधायनाच्या शुल्बसूत्रात विधान येते ते असे की बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्याचा चौथा भाग मिळवावा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा अंश वजा करावा. बेरीज-वजावट करून पाहा. बरोबर ५७७/४०८ येतात. पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने वर्गप्रकृतीच्या समीकरणांसाठी जी भावना सांगितली, तिच्यातील एका उकलीचा स्वतःशीच संयोग करण्याच्या प्रकाराला, म्हणजे तुल्यभावनेला, १७ आणि १२ दिले की ती ५७७ आणि ४०८ परत करते: सतराचा वर्ग अधिक बाराच्या वर्गाची दुप्पट हा नवा अंश, आणि सतरा-बाराच्या गुणाकाराची दुप्पट हा नवा छेद. आपला अर्ध करण्याचा नियम आणि ही भावना एकच आहेत. म्हणून, मंडळी, आधुनिक गतिशास्त्र आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे मी म्हणावे काय? मुळीच नाही. बौधायनाला कर्ण हवा होता, ब्रह्मगुप्ताला समीकरणाची उकल हवी होती. उंचीच्या वाढीचा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. त्यांच्या हातून घडलेली कक्षा आज आपल्याला उदाहरण म्हणून उपयोगी पडते, एवढीच कृतज्ञता पुरेशी आणि प्रामाणिक आहे.

आता मूळ प्रश्न. अंकांची संख्या दुप्पटच का होते? नियमात संख्येचा वर्ग येतो, म्हणून, असे उत्तर सुचते. ते अर्धेच खरे आहे. अंश अ आणि छेद ब असेल तर नवा अंश अ-वर्ग अधिक दोन ब-वर्ग, आणि नवा छेद अ-ब गुणाकाराची दुप्पट. नवी उंची जुन्या उंचीच्या वर्गाच्या तिपटीहून अधिक होऊ शकत नाही, हे तर उघड आहे. वरची हद्द कोणालाही घालता येते. पण खालची? आलेल्या अंश-छेदांत मोठा सामाईक विभाजक निघाला आणि संक्षेप करताना अर्धे अंक गळून पडले तर? उंचीच्या शास्त्रातील सगळी भीती या संक्षेपाची आहे, आणि सगळे कसब त्याला आवर घालण्यात आहे. आपल्या नियमापुरता तो आवर येथेच घालून दाखवितो. दोनाखेरीज एखादी मूळ संख्या नव्या अंशाला आणि नव्या छेदाला दोहोंनाही भागत असेल, तर ती अ ला किंवा ब ला भागते. एकाला भागली की अंशाच्या रूपामुळे दुसऱ्यालाही भागणे तिला भाग पडते. पण अ आणि ब तर अतिसंक्षिप्त रूपातले, त्यांना सामाईक विभाजक नाहीच. उरले दोन: अ सम असेल तर एकदाच दोनाने संक्षेप होतो, अधिक नाही. म्हणजे कितीही संक्षेप झाला तरी नवी उंची जुन्या उंचीच्या वर्गाच्या निम्म्याहून कमी होत नाही. खाली निम्मे, वर तिप्पट. या दोन हद्दींच्या मध्ये वाढ कैद झाली.

एवढ्या भांडवलावर काय मिळते ते पाहा. उंची दोनाहून अधिक असेल तर तिच्या वर्गाचे निम्मे तिच्यापेक्षा मोठेच असते. म्हणजे अशी संख्या नियमाखाली उंच, आणखी उंच होत जाते आणि कधीही आपल्या जागी परत येत नाही. मग परत येणाऱ्या, चक्रात फिरणाऱ्या संख्या असल्याच तर दोनापर्यंत उंची असणाऱ्यांत असणार. अशा किती? शून्य, अनंतबिंदू, धन-ऋण एक, धन-ऋण दोन, धन-ऋण अर्धा: आठ. एकेकीची जबानी घेऊ. एक ३/२ वर जातो, म्हणजे हद्दीबाहेर; दोनही ३/२ वरच जातो; अर्धा ९/४ वर जातो; ऋण संख्यांचेही तेच. शून्य अनंतबिंदूवर जाते आणि अनंतबिंदू जागीच राहतो. तपास संपला. अनंत परिमेय संख्यांपैकी जिची कक्षा सान्त आहे अशी शून्याखेरीज एकही संख्या नाही, हे आपण आठ नोंदी तपासून सिद्ध केले.

इंग्रज गणिती नॉर्थकॉट याने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातील प्रमेयाचे हेच मर्म आहे. फलनाची कोटी, म्हणजे त्याच्या अंश-छेदांतील सर्वांत मोठा घात, दोन किंवा अधिक असेल, तर ज्यांची कक्षा सान्त आहे असे परिमेय बिंदू मोजकेच असतात. आणि हे केवळ रेषेपुरते नव्हे, तर कितीही मितींच्या प्रक्षेपी अवकाशात, फलन सर्व बिंदूंवर व्याख्यात असेल तर, खरे आहे. या शेवटच्या अटीकडे लक्ष असू द्या. उत्तरार्धात ती मोडणार आहे.

उंचीची कल्पना नॉर्थकॉटच्या आधीची. मॉर्डेलने १९२२ मध्ये घन वक्रांवरील परिमेय बिंदू मोजक्या बिंदूंपासून निर्माण होतात हे सिद्ध केले तेव्हा बीजरूपाने तीच वापरली, आणि आंद्रे वेय याने १९२८ च्या आपल्या प्रबंधात तिचा विस्तार केला. (हाच वेय १९३० ते १९३२ अलीगढच्या विद्यापीठात प्राध्यापक होता, आणि गोव्यात जन्मलेल्या व पुढे फर्ग्युसनमध्ये शिकविणाऱ्या दामोदर कोसंबींना त्यानेच अलीगढला बोलाविले होते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.) त्या वक्रांवर बिंदू दुप्पट करण्याची क्रिया हीदेखील एक परिमेय फलनच आहे, आणि तिची कोटी चार. य-वर्ग बरोबर क्ष-घन उणे दोन या वक्रावर क्ष-स्थानी तीन असणारा बिंदू दुप्पट केला की क्ष होतो १२९/१००. पुन्हा दुप्पट केला की २३४०९२२८८१/५८६७५६००. आणखी एकदा केला की अंशात ३८ अंक. एक, तीन, दहा, अडतीस: येथे अंक सुमारे चौपटीने वाढतात. कोटी दोन असेल तर दुप्पट, कोटी चार असेल तर चौपट.

‘सुमारे’ हा शब्द मात्र गणित्याला सलतो. आपल्या दोन हद्दींमध्ये निम्मे ते तिप्पट एवढी ढिलाई होती. ती काढायची कशी? नेराँ आणि टेट यांनी साठीच्या दशकात वक्रांसाठी, आणि कॉल व सिल्व्हरमन यांनी १९९३ मध्ये सर्वसाधारण फलनांसाठी, जो उपाय योजला तो इतका सोपा आहे की तो आधी कोणाला का सुचला नाही याचे नवल वाटावे. उंचीऐवजी तिचा लॉगरिदम घ्या, म्हणजे ढोबळ मानाने अंकांची संख्या. न-व्या पायरीवरील लॉगरिदमाला दोनाच्या न-व्या घाताने भागा. प्रत्येक पायरीची चूक ठरावीक मर्यादेत आहे, आणि भाजक मात्र दर पायरीला दुप्पट होतो आहे. म्हणून चुका विरत जातात आणि भागाकार एका निश्चित सीमेला पोहोचतो. आपल्या कक्षेत एकापासून निघून हे भागाकार अनुक्रमे ०.२३९, ०.३०८, ०.३४५, ०.३६४, ०.३७३ असे चढत जातात आणि ०.३८२८ या संख्येपाशी थांबतात, जी एक अधिक दोनाचे वर्गमूळ या संख्येचा दशमान लॉगरिदम आहे. या सीमेला त्या बिंदूची प्रमाणित उंची म्हणतात. नियम चालविला की ती बरोबर दुप्पट होते; अधिक नाही, उणे नाही, ‘सुमारे’ तर नाहीच.

माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी कल्पना हीच आहे. साधी उंची बिंदूचे आजचे रूप मोजते. प्रमाणित उंची त्याचे भवितव्य मोजते. एकाची साधी उंची एक, लॉगरिदम शून्य. दोनाची उंची दोन. पण दोघेही पहिल्याच पायरीवर ३/२ ला जाऊन मिळतात आणि पुढे त्यांच्या कक्षेत काडीचा फरक उरत नाही. म्हणून दोघांची प्रमाणित उंची एकच, ०.३८२८. आणि ती शून्य केव्हा असते? नेमकी तेव्हाच, जेव्हा कक्षा सान्त असते. एका संख्येवरून कळते की हा बिंदू भटका आहे की चक्रात अडकलेला.

अडकलेल्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो प्रांत वेगळ्या व्याख्यानाचा आहे. वर्ग करून त्यातून २९/१६ वजा करण्याचा नियम घ्या. ऋण १/४ वरून ऋण ७/४, तेथून ५/४, आणि तेथून पुन्हा ऋण १/४: तिघांचे चक्र पुरे झाले. वर्ग करून स्थिर परिमेय संख्या मिळविण्याच्या नियमांत याहून लांब चक्र कोणालाही सापडलेले नाही. चारांचे चक्र नाही हे मॉर्टनने, पाचांचे नाही हे फ्लिन, पूनन व शेफर यांनी सिद्ध केले. सहांचे नाही हे श्टोलने २००८ मध्ये दाखविले, पण बर्च व स्विनर्टन-डायर यांची अटकळ गृहीत धरून. मॉर्टन आणि सिल्व्हरमन यांची १९९४ ची अटकळ याहून पुष्कळ धीट आहे: सान्त कक्षेच्या बिंदूंची संख्या फलनाच्या गुणकांवर अवलंबून नसून फलनाची कोटी, अवकाशाची मिती आणि संख्याक्षेत्राचा विस्तार एवढ्यांवरूनच तिला हद्द घालता येते. वर्गाच्या साध्या नियमांसाठीही ती अजून सिद्ध झालेली नाही.

येथवर एकच चल होता. दोन चल घेतले की चित्र बदलते, आणि माझ्या दृष्टीने खरी रंगत तेथे आहे. (क्ष, य) या जोडीवरून (य, क्षय) या जोडीवर जाणारा नियम घ्या. गुणाकार आहे, तेव्हा कोटी दोन. मग अंक दुपटीने वाढावेत. वाढतात काय? (१, २) पासून निघा: (२, २), (२, ४), (४, ८), (८, ३२), (३२, २५६). दुसऱ्या स्थानी दोनाचे घातांक १, १, २, ३, ५, ८. मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना बाराव्या शतकात हेमचंद्राने सांगितलेला हाच क्रम, ज्याला जग फिबोनाचीच्या नावाने ओळखते. लागोपाठच्या दोन पदांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जाते. दोन नव्हे, १.६१८.

दुपटीतला उरलेला भाग गेला कोठे? नियम दोनदा चालवून पाहा: (क्षय, क्षय-वर्ग). कोटी चार व्हायला हवी होती, तीनच झाली. प्रतल प्रक्षेपी करून अनंतरेषा त्यात घेतली की कारण उमगते: हा नियम साऱ्या अनंतरेषेला एका बिंदूत कोसळवितो, आणि तो बिंदू नेमका असा आहे की तेथे नियम निरुत्तर होतो, अंश आणि छेद एकदमच शून्य होतात. तेथून एक सामाईक गुणक निघतो आणि संक्षेपात जातो. मघाशी संख्यांमधल्या संक्षेपाला आपण आवर घातला. आता तो बहुपदींमध्येच शिरला. नॉर्थकॉटच्या प्रमेयातली ‘सर्व बिंदूंवर व्याख्यात’ ही अट येथेच मोडते.

म्हणून अशा नियमासाठी एका फेरीची कोटी न पाहता न-व्या फेरीची कोटी पाहतात आणि तिचे न-वे मूळ कोठे स्थिरावते ते पाहतात. त्याला फलनाची गतिकोटी म्हणू. ही भूमितीची वाढ. दुसरीकडे, एका बिंदूच्या कक्षेत उंचीच्या लॉगरिदमाचे न-वे मूळ कोठे स्थिरावते ते पाहतात. ती त्या बिंदूची अंकगणितीय कोटी. ही संख्यांची वाढ. अंकगणितीय कोटी गतिकोटीला ओलांडू शकत नाही हे आता सिद्ध आहे. बरोबरी मात्र केव्हा होते?

कावागुची आणि सिल्व्हरमन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अटकळीत याविषयी चार कलमे होती. पहिले, अंकगणितीय कोटीची सीमा नेहमी अस्तित्वात असते. दुसरे, ती बैजिक पूर्णांक असते. तिसरे, एका फलनासाठी तिची मूल्ये मोजकीच असतात. चौथे आणि मुख्य, ज्या बिंदूची कक्षा अवकाशभर पसरते, म्हणजे कोणत्याही लहान वक्रात किंवा पृष्ठात सामावत नाही, त्याची अंकगणितीय कोटी गतिकोटीइतकीच असते. तिसरे कलम लसिउत्र आणि सात्रियानो यांच्या प्रतिउदाहरणाने रद्द झाले. दुसऱ्यावर घाला आला तो अनपेक्षित बाजूने: बेल, डिलर आणि जॉन्सन यांनी २०२० मध्ये प्रतलावरील असे परिमेय फलन दाखविले की ज्याची गतिकोटी बीजातीत आहे, आणि अशा फलनाच्या पसरलेल्या कक्षेवर दुसऱ्या व चौथ्या कलमाचे पटणे शक्यच नाही. काहींना यात अटकळीचा पराभव दिसतो. मला दिसत नाही. दुसरे आणि तिसरे ही कलमे उत्साहाच्या भरात लिहिलेली वाटतात. चौथे विचाराने लिहिलेले आहे, आणि सगळा भार त्याच्यावरच होता.

ते काय म्हणते हे एका क्षुल्लक उदाहरणात दिसते. पहिल्या संख्येचा वर्ग आणि दुसरीचा घन करणारा नियम घ्या, गतिकोटी तीन. (२, २) पासून निघाल्यास वाढ तिपटीची. (१, १) जागचा हलत नाही. आणि (२, १)? त्याची वाढ दुपटीचीच, तिपटीची नव्हे. पण तो बिंदू कोठे आहे ते पाहा: दुसरे स्थान सदैव एकच, म्हणजे तो एका रेषेवर कैद आहे आणि त्या रेषेपुरती फलनाची कोटी दोनच आहे. कावागुची व सिल्व्हरमन यांचे म्हणणे हेच की मंद वाढीला याखेरीज दुसरी सबबच नसते. कक्षा मंद असेल तर ती कोठे तरी कोंडलेली आहे, आणि तिचा तुरुंग शोधून काढता येईल.

नितळ प्रक्षेपी पृष्ठांवरील सर्वत्र व्याख्यात फलनांसाठी मात्सुझावा, सानो आणि शिबाता यांनी २०१८ मध्ये हे सिद्ध केले आहे, आणि (क्ष, य) वरून (य, क्षय) वर जाणाऱ्या आपल्या नियमात (१, २) ची कक्षा प्रतलभर पसरते व नेमक्या १.६१८ च्या गतीने वाढते हे घातांकांच्या हिशेबाने ताडून पाहता येते. पण जेथे नियम काही बिंदूंवर निरुत्तर होतो अशा सर्वसाधारण परिमेय फलनांसाठी सिद्धता नाही. सर्वत्र पसरलेली आणि तरीही गतिकोटीपेक्षा मंद वाढणारी एकही कक्षा आजवर कोणाला सापडलेली नाही. अशी कक्षा असूच शकत नाही, हेही कोणी दाखविलेले नाही.